मेनातची मागची बाजू

आक्काला पिरॅमिड बघायचे नव्हते. निघण्याच्या आधीच, सुरतेच्या गोडादऱ्यातल्या तिच्या ओट्यावर बसून तिने मला हे सांगून टाकलं होतं. "त्या दगडस्ना ढीगले काय देखनं, नाना? ते तू देखी ये. माले फक्त तो दागिना मांगून देखना शे." तिचं मांगून म्हणजे मागच्या बाजूने.

इजिप्तला जाऊन आलेल्या माणसाला लोक आधी पिरॅमिडबद्दलच विचारतात. मलाही विचारतात, आणि मी सांगतो की ते आहेत, फोटोत दिसतात तसेच आहेत आणि फोटोपेक्षा फार मोठे आहेत. पण आम्ही दोघं म्हातारी भावंडं सुरतेहून कैरोला गेलो ती वीतभर रुंदीच्या, निळ्या मण्यांच्या एका दागिन्यापायी. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अमळनेरकडच्या आमच्या गावातून लग्न करून ती सुरतेत आली. भाऊजी कापडाच्या लूमवर होते. आक्का काही वर्षं धाग्याला पीळ देणाऱ्या कारखान्यात होती, आणि मग घराच्या ओट्यावर बसून पोत गाठवायला लागली. आम्हा खान्देशी लोकांत मंगळसूत्राला पोत म्हणतात. काळे मणी, मधे सोन्याचे, खाली वाट्या, हे सगळं दोऱ्यात नीट ओवून गाठ मारून देणं हे तिचं काम. लिंबायतपासून उधन्यापर्यंतच्या आमच्या बायका तिच्याकडे येतात. तिने गाठवलेली पोत तुटली असं मी तरी ऐकलेलं नाही. मी तिच्याच घरी राहून शिकलो, बँकेत लागलो, निवृत्त झालो. आता भेस्तानला राहतो आणि वाचनालयातून पुस्तकं आणून वाचतो.

अशाच एका इजिप्तवरच्या पुस्तकात त्या दागिन्याचा पानभर फोटो होता. मेनात त्याचं नाव. बारीक मण्यांचे कितीतरी सर एकत्र केलेले आणि त्या सरांची दोन्ही टोकं जिथे मिळतात तिथे मागे, पाठीवर लोंबणारी एक जड पट्टी, वर अरुंद आणि खाली गोल. हाथोर नावाच्या देवीच्या पूजेत तिच्या पुजारणी तो वापरायच्या. आक्काने पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मांगे वजन. कसाले?"

तेव्हापासून ती तो दागिना करून बघत होती. काचेचे निळे मणी आणले, ओळखीच्या पितळवाल्याकडून मागची पट्टी कापून घेतली. तीनदा ओवला, तीनदा उसवला. प्रत्येक वेळी सर दोरखंडासारखे ताठ व्हायचे आणि पट्टीच्या वजनाने एकमेकांना पीळ घालायचे. तिच्या हातून मण्यांचं काम बिघडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चूक मागे, जोडावर आहे असं तिला वाटत होतं. मी आणखी चार पुस्तकं आणली. सगळ्यांत फोटो पुढूनच. ती वाचता वाचता मीच एकदा इजिप्त बघून यायचं म्हणायला लागलो होतो.

मग डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांच्या कडेची नजर गेलेली होती, डाव्याची जास्त. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायचा प्रयत्न करू. परत येताना रिक्षा गोडादऱ्यात शिरली तेव्हा आक्का म्हणाली, "तू इजिप्तले जाई राहिना व्हता ना? मीबी येस."

तिचा पासपोर्ट होता. मस्कतला असलेल्या तिच्या मुलाने एकदा बोलावलं होतं तेव्हा काढलेला, अजून कोरा.

कैरो

कैरोत रस्ता ओलांडणं हे पहिलं काम आम्हाला सोपं गेलं. आमच्या हॉटेलात एक जर्मन जोडपं होतं, ते फुटपाथच्या कडेला दहा दहा मिनिटं उभं राहायचं. आक्काने सुरतेच्या रिंग रोडवर करते तेच केलं. उजवा तळहात गाड्यांसमोर धरला आणि चालायला लागली. गाड्या थांबल्या. त्या जर्मन बाईंनी दुसऱ्या दिवसापासून आक्काच्या मागेच रस्ता ओलांडायला सुरुवात केली.

भाषेचंही तिने पटकन निकालात काढलं. सुरतेत दुकानदाराशी गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरात अहिराणी अशी तिची वाटणी असते. इथे तिन्हींचा सारखाच उपयोग, म्हणजे काही नाही, तेव्हा तिने सगळ्यांशी अहिराणी बोलायचं ठरवलं. वेटरला ती "भाऊ, आजून एक रोटी" म्हणायची आणि तो आणायचा. मी बँकेत राहून पुस्तकी बोलायला लागलेला माणूस. माझ्या इंग्रजीने काम व्हायला जास्त वेळ लागे.

जेवणाची काळजी मला होती, कारण आक्का मांस-मासे खात नाही. पण सकाळी मोठ्या वालांसारख्या दाण्यांची शिजवून घोटलेली उसळ मिळते, तिला ते फूल म्हणतात. सोबत कोंडा लावलेली गरम फुगीर रोटी. आक्काने पिशवीतून ठेच्याची बाटली काढली, उसळीत चमचाभर कालवला, आणि त्यानंतर अकरा दिवस तिने नाश्त्याची तक्रार केली नाही. दुपारी कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट पाणी. "उरेलसुरेल सगळं एक करी दिधं," ती म्हणाली, आणि दुसरी वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो. इमारत प्रचंड, आत दगडी राजेराण्या रांगेने बसलेल्या. आक्का कुणाकडे न बघता माझा हात धरून चालत होती. तिला बाजूचं दिसत नाही, त्यामुळे गर्दीत ती हात सोडत नाही. वरच्या मजल्यावर दागिन्यांचं दालन होतं. मी पुस्तकातून लिहून आणलेल्या माहितीवरून कपाट शोधलं. कपाटात दिवा होता, मखमल होती, आणि मधोमध एक छोटं कार्ड. वस्तू तपासणीसाठी हलवली आहे.

मी ते वाचून दाखवलं. आक्काने खांद्यावरची पिशवी खाली घेतली, तिच्यातून फराळाचा गोल डबा काढला, डब्यातून पंच्यात गुंडाळलेला, चौथ्यांदा ओवलेला स्वतःचा मेनात काढला आणि तो काचेवर, मखमलीवर दागिन्याचा ठसा उमटला होता त्याच्या समोर धरला.

"लांबी बराबर शे," ती म्हणाली.

त्याच वेळी पहारेकऱ्याने आम्हाला पाहिलं. त्याच्या बाजूनेही विचार करायला हवा. कपाट रिकामं, आणि नऊवारी नेसलेली एक बाई निळा मेनात हातात घेऊन उभी. तो धावत आला. त्याने हात लावला नाही, आवाज चढवला नाही, पण वायरलेसवर काहीतरी बोलला आणि दोन मिनिटांत आमच्याभोवती चार माणसं होती. मी इंग्रजीत सांगायला लागलो की हा आम्ही घरून आणलाय. हे वाक्य बोलल्यावर ते कानाला किती वाईट लागतं ते माझ्या लक्षात आलं.

आम्हाला तळमजल्यावरच्या एका खोलीत बसवलं. चहा दिला, साखर इतकी की आक्काला घरचाच वाटला. मी घाबरलो होतो. परदेशात, पासपोर्ट त्यांच्या टेबलावर. आक्का मात्र शांत. "दागिना मना शे," ती म्हणाली, "मी कसाले भ्यानं?"

थोड्या वेळाने चाळिशीची एक बाई आली. डोक्याला राखी रुमाल, अंगावर पांढरा कोट, बोटांवर कसलेतरी डाग. तिचं नाव मनाल. जुन्या वस्तू दुरुस्त करून टिकवण्याच्या विभागात ती काम करत होती. तिने आक्काचा मेनात टेबलावर ठेवला, एक मणी भिंगातून पाहिला आणि पहारेकऱ्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. सगळे हसले. पासपोर्ट परत आले.

"काचेचे मणी आहेत, नवे," ती मला इंग्रजीत म्हणाली. "पण हे ओवलंय कुणी?"

मी आक्काकडे बोट दाखवलं. मनालने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली. पुढचा अर्धा तास मी दुभाष्या होतो. मनालने सांगितलं की खरा मेनात तिच्याच प्रयोगशाळेत आहे. दोरा जवळजवळ सगळा कुजलाय, तो पुन्हा ओवायचा की तसाच ठेवायचा हे ठरवायचंय. आक्काने विचारलं, माझा ताठ का होतो? मनाल म्हणाली, माहीत नाही. मी मणी जपते, ओवणं मला इतकं येत नाही.

"तिले सांग," आक्का म्हणाली, "माले फक्त मांगून देखू दे. हात लावत नही."

मनालने लगेच हो म्हटलं नाही. बाहेरच्यांना प्रयोगशाळेत नेता येत नाही, वरिष्ठांना विचारावं लागेल. आमचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होतं. तिने माझा नंबर घेतला आणि म्हणाली, आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी या, जमलं तर जमलं.

गिझा

मग माझ्यासाठी पिरॅमिड. आक्का सावलीत बसते म्हणाली. मी तासाभराने परतलो तर ती एका माळा विकणाऱ्या बाईच्या चादरीवर मांडी घालून बसलेली. तिने माळेची गाठ तपासायला दोरा ताणला होता, सवयीने, जसा ती ओट्यावर ताणते, आणि तो तुटला होता. मणी वाळूत गेले होते. विकणाऱ्या बाईचं तोंड उतरलं होतं.

आक्का वाळूत हात फिरवत होती. मणी तिच्या बोटांपासून चार अंगुळांवर पडलेले होते आणि तिला दिसत नव्हते. मी गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे मणी मिळाल्यावर तिने पिशवीतून स्वतःचा मेण लावलेला दोरा काढला आणि ती माळ परत ओवली. त्यासाठी तिला डोळे लागले नाहीत. बोटाने मण्याचं भोक शोधायचं, दोऱ्याचं टोक तिथे न्यायचं, पुढचा मणी. मग तिने शेजारच्या माळा ओढून त्यांच्याही गाठी बदलायला सुरुवात केली. विकणारी बाई आधी नको म्हणत होती, नंतर तिने स्वतःच एकेक माळ पुढे केली. आक्का उठली तेव्हा त्या बाईने तिच्या गळ्यात एक माळ घातली. आक्काने नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. परतताना गाडीत आक्का म्हणाली, "नाना, मनं आजूबाजूनं गयंच रे." मी हो म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

लक्सर आणि देंदेरा

दक्षिणेत गेल्यावर मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. बारडोलीच्या वाटेवर असतो तसाच, डोक्याच्या वर गेलेला. फरक इतकाच की इथे तो कारखान्यावर नेणारी छोटी आगगाडी शेतांमधून जाते, आपल्याकडे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. आमचा ड्रायव्हर अब्दू, पन्नाशीचा, गालिबिया म्हणतात तो पायघोळ झगा घातलेला माणूस. तो आक्काला हाग्गा म्हणायचा. हाग्गा म्हणजे यात्रा करून आलेली, पण तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मानाने तसंच म्हणतात. मी अर्थ सांगितल्यावर आक्का म्हणाली, "यात्रा तं चालूच शे, खोटं काय म्हनस तो?" अब्दूने एका ठिकाणी गाडी थांबवून उसाचा रस पाजला. आलं-लिंबू नसलेला, नुसता. आक्काने पिशवीतून मीठ काढून टाकलं आणि अब्दूच्या ग्लासातही टाकलं. तो बिचारा प्याला.

देंदेराचं देऊळ हाथोरचं. गुरुवार मिळतो की नाही हे माहीत नव्हतं, म्हणून निदान देवीचं घर तरी बघावं असं मी ठरवलं होतं. आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं तर छत निळं. शतकांची काजळी काढून रंग उघडे केलेत. खांबांच्या माथ्यावर चारी बाजूंना देवीचे चेहरे, गायीचे कान असलेले, आणि बरेचसे चेहरे कुणीतरी छिन्नीने फोडलेले. आक्काने हात जोडले. मी म्हटलं, आक्का, ही आपली देवी नाही. ती म्हणाली, "गायना कान शेतंस ना?" आणि पुढे गेली.

भिंतींवर कोरीव कामाच्या रांगा. आक्काला दुरून दिसत नव्हतं, म्हणून ती भिंतीच्या अगदी जवळ जाऊन मान तिरकी करून, नजरेचा चांगला भाग नेमका चित्रावर आणून बघत होती. हात मागे बांधलेले, कारण लावायचा नाही हे मी बजावलं होतं. अशी ती एका ठिकाणी थांबली.

"नाना. आठे ये."

एक आकृती, तिच्या एका हातात खुळखुळ्यासारखं वाद्य. दुसऱ्या हातात मेनात. गळ्यात नव्हता. मागची जड पट्टी मुठीत धरलेली आणि सर पुढे सैल लोंबत सोडलेले.

अब्दू आमच्या मागे उभा होता. त्याला मी विचारलं. त्याने मूठ हवेत धरून हलवली आणि तोंडाने आवाज काढला, श्शक, श्शक. "हाथोरला हा आवाज आवडायचा," तो म्हणाला. "पाणवनस्पतीतून चालताना होतो तसा. पुजारणी असा हलवायच्या आणि मग समोरच्यापुढे धरायच्या. ज्याच्यापुढे धरला त्याचं भलं."

हे मी वाचलेलं होतं. पुस्तकात त्या फोटोच्या खालच्या परिच्छेदातच होतं, पूजेच्या वेळी वाजवत असत म्हणून. मी ते वाचून पुढे गेलो होतो. आक्काला दागिना दाखवला, पण वाक्य सांगायचं राहून गेलं. वर्षभर ती त्याला पोतीसारखा घट्ट ओवत राहिली, आणि मला कधी सुचलंही नाही. मी तिथेच तिला हे सांगितलं.

ती रागावली नाही. तिने पिशवीतला डबा काढला, आपला मेनात पट्टीकडून मुठीत धरला आणि हलवला. काही आवाज झाला नाही. सगळे सर काठीसारखे एकदम हलले.

"हाई वाजाडानं शे," ती स्वतःशीच म्हणाली. "आनि मी तेनं तोंड बांधी दिधं."

घट्ट ओवणं हा तिचा आयुष्यभराचा मान. ढिली पोत म्हणजे गाठवणारीची नाचक्की. आता तिला कुठेतरी ढील सोडायची होती, आणि किती, हे भिंतीवरच्या चित्रात दिसत नव्हतं. परत लक्सरला येईपर्यंत ती रिकाम्या दोऱ्यावर दोन मणी पुढेमागे सरकवत बसली होती. मी एकदा विचारलं, काय विचार करतेस? ती म्हणाली, "गुरुवारना."

पुन्हा कैरो, गुरुवार

सकाळी नऊला मनालचा संदेश आला. दहा मिनिटं. हात लावायचा नाही, फोटो काढायचे नाहीत.

प्रयोगशाळा म्हणजे पांढऱ्या टेबलांची लांब खोली. एका टेबलावर फोमच्या ट्रेमध्ये मेनात होता. पुस्तकात दिसला होता त्याहून लहान, आणि निळा रंग सगळीकडे सारखा नव्हता, काही मणी हिरवट, काही राखाडी. ते काचेचे नाहीत. वाळूची पूड भाजून त्यावर चकाकी आणलेली. मनालने हातमोजे चढवले, वर दुसरा ट्रे ठेवला आणि दोन्ही ट्रे एकत्र धरून उलटे केले. वरचा काढला. मागची बाजू.

आक्काने मान तिरकी केली. मनालने ते पाहिलं. काही न विचारता तिने ट्रे उचलून आक्काच्या उजव्या बाजूला, तिच्या चांगल्या डोळ्यासमोर नेला. मग म्हणाली, "थांबा, याहून बरं करते." तिने मायक्रोस्कोप ओढला आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर चित्र आणलं.

एक मणी. परातीएवढा. भोकाच्या कडा, त्यातून गेलेला तपकिरी दोऱ्याचा तुकडा, त्याच्या सगळ्या वळ्या. गेल्या दीड वर्षात आक्काने इतकं स्पष्ट काही पाहिलं नसेल. ती उठून स्क्रीनजवळ गेली.

"पीळ उलटा शे," ती म्हणाली. मी भाषांतर केलं. मनालने भुवया उंचावल्या आणि हो म्हटलं, त्यांचा जवसाच्या खोडापासून काढलेला धागा तसाच, आपल्या सुताच्या उलट्या बाजूला पीळ दिलेला. तुम्हाला कसं कळलं? आक्का म्हणाली, पिळाच्या खात्यात सात वर्षं काढलीत. डावा-उजवा पीळ ओळखला नाही तर मुकादम घरी पाठवायचा.

मग तिने मण्याच्या भोकाकडे बोट दाखवलं, काचेपासून अंतर ठेवून. आता ती भराभर बोलायला लागली आणि मी धापा टाकत मागे. जुन्या पोती तिच्याकडे परत गाठवायला येतात. त्यांचे मणी तिने हजारो वेळा हातात घेतलेत. पोत घट्ट असली की मणी जागचा हलत नाही आणि भोक एकाच अंगाला झिजतं, जिकडे दोरा ओढतो तिकडे. हा मणी चारी अंगांनी झिजलाय. म्हणजे हा फिरत होता. म्हणजे सर मुद्दाम ढिले होते.

मनालने चित्र आणखी मोठं केलं. "आम्ही यावर वाद घालतोय," ती म्हणाली. "ढील मुळात होती की दोरा कुजल्यावर आली. पण एका मण्यावरून मी काही म्हणणार नाही."

"बराबर," आक्का म्हणाली. "आजून देखाड."

त्यांनी सहा मणी पाहिले. चार चारी बाजूंनी झिजलेले, दोन नव्हते. ते दोन पट्टीच्या अगदी जवळचे होते. आक्का खुदकन हसली. जोडावर घट्ट, मधे ढिले. इतकी साधी गोष्ट होती. मागचं वजन मुठीत, जोड पक्का, आणि पुढचे सर मोकळे. मनालने वही काढली आणि लिहायला लागली. मधेच थांबून तिने विचारलं, "दर वितीमागे किती जागा सोडाल?"

"माहीत नही. करी देखसू."

मनालने सरावाचे नवे मणी आणि जवसाचा दोरा आणून दिला. आक्काने खुर्ची टेबलाला लावली, चष्मा काढून ठेवला आणि ओवायला सुरुवात केली. खोलीतले आणखी दोघे आपलं काम सोडून येऊन उभे राहिले. दहा मिनिटं केव्हाच संपली होती, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. एक सर झाला, तिने हलवला. मुका. दुसरा, जास्त मोकळा. तो वाजला पण मणी एका टोकाला जमा झाले. तिसऱ्याला तिने दर दहा मण्यांनंतर दोऱ्याला एक हलकी गाठ दिली, म्हणजे ढील सारखी वाटली जाईल. तो धरून हलवला.

श्शक.

बारीक आवाज होता, सुपात तांदूळ सरकल्यासारखा. मनालने तो सर तिच्या हातातून घेतला, स्वतः हलवला, शेजारच्याच्या हाती दिला. "मूळ दागिन्यात अशा गाठी होत्या का, हे शोधावं लागेल," ती म्हणाली. "नसतीलही." मी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, नसल्या तर त्यांची युक्ती वेगळी असेल, कळली की मला कळव.

निघताना मनालने तो तिसरा सर प्रयोगशाळेत ठेवायला एका पाकिटात घातला आणि पाकिटावर आक्काचं नाव कसं लिहायचं ते विचारलं. मी इंग्रजीत लिहून दिलं, सिंधू, सुरत. तिने खाली अरबीत तेच लिहिलं, उजवीकडून डावीकडे. आक्काने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. तिला लिहिता येत नाही, सहीपुरतं येतं. "दोन्ही मनंच नाव शे का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

गोडादरा

परत येऊन दोन महिने झाले. थेंब चालू आहेत. डॉक्टर म्हणाले की नजर आहे तिथे टिकून आहे, आणि हे सध्या पुष्कळ आहे. आक्काने बायकांना सांगून टाकलं की सोन्याचे बारीक मणी आता गल्लीतल्या रेखाकडे द्या, मी शेजारी बसून गाठ तपासून देईन. बायका दोघींकडे येतात.

मनालचं एक पत्र आलं. आणखी चाळीस मणी पाहिलेत, बहुतेक चारी बाजूंनी झिजलेले. गाठी अजून सापडलेल्या नाहीत. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आक्का मेनात पूर्ण करत होती. देंदेराहून आल्यापासून चौथ्यांदा.

काल सकाळी तो झाला. मी ओट्यावर समोर बसलो होतो. तिने पितळी पट्टी मुठीत धरली आणि हलवला, आणि गल्लीत पाणी भरणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं, इतका तो वाजला. मी म्हटलं, झाला आक्का, सुरेख झाला. तिने मान एका बाजूला कलवली, परत हलवला, परत ऐकला.

"तीन सर दाटेल शेतंस," ती म्हणाली.

मला त्यात घट्ट असं काही ऐकू येत नव्हतं. तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, कात्री घेतली, बोटांनी ते तीन सर चाचपून वेगळे केले आणि कापले. मणी परातीत सांडले. तिने नव्या दोऱ्याला मेण लावलं आणि पहिला मणी उचलला.